मधल्या फळीतला माणूस

1 ऑगस्ट 2025 या दिवशी खालिद जमील यांची भारताच्या फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून नेमणूक झाली. तेरा वर्षांनी हे पद एका भारतीयाकडे आलं. त्याआधी 2011-12 मध्ये गोव्याचे सावियो मदेरा होते, आणि मधल्या काळात सगळे परदेशी. क्रिकेटच्या प्रशिक्षकाची नेमणूक असती तर पहिलं पान गेलं असतं. ही बातमी आमच्या भोरमध्ये बहुतेकांनी वाचलीसुद्धा नाही. मी वाचली, कारण त्या सुमारास एका घरगुती प्रश्नामुळे मला फुटबॉलच्या बातम्या वाचाव्या लागत होत्या. त्या प्रश्नाकडे नंतर येतो. आधी हा माणूस कोण आणि तो मैदानावर काय करायचा, हे सांगतो.

खालिद जमील मध्यरक्षक होते. इंग्रजीत मिडफिल्डर. आता मध्यरक्षक म्हणजे काय, हे आमच्या भागात समजावून सांगायचं तर फुटबॉल सोडून पाण्याकडे जावं लागतं. भाटघरचं धरण तुम्ही पाहिलं असेल. पाणी साठतं भाटघरला, आणि ऊस पिकतो खाली बारामती-फलटणकडे. मध्ये वीरचं धरण आहे. तिथून डावा कालवा एका अंगाला जातो, उजवा दुसऱ्या अंगाला. पुढे शेतात रात्री-अपरात्री दारं धरणारा माणूस उभा असतो. एका सरीत पाणी भरलं की माती ओढून तिचं तोंड बंद करायचं आणि दुसरीचं उघडायचं. चुकला तर एक सरी बुडते आणि दुसरी वाळते. उसाचं कौतुक होतं, धरणाच्या भिंतीवर लोक सहली काढतात, दारं धरणाऱ्याचा फोटो कोणी काढत नाही. मध्यरक्षकाचं काम हेच. बचाव फळीकडून चेंडू घ्यायचा, कुठली बाजू मोकळी आहे ते मान वर करून बघायचं आणि तिकडे सोडायचा. समोरच्या संघाकडे चेंडू गेला की तेच दार बंद करायला धावायचं.

नव्वद मिनिटांच्या सामन्यात असा खेळाडू सहज दहा-अकरा किलोमीटर पळतो. त्यातला त्याच्या पायाशी चेंडू असतो तो फार तर दोन-तीन मिनिटं. उरलेला सगळा वेळ तो जागा धरण्यात, जागा सोडण्यात आणि दुसऱ्याची जागा भरण्यात घालवतो. आम्हा गझल लिहिणाऱ्यांना हे चटकन कळतं. शेराची पहिली ओळ जमीन तयार करते, दाद दुसऱ्या ओळीला मिळते. पहिली ओळ कच्ची असेल तर दुसरी कितीही चमकदार असली तरी पडते, पण टाळ्या वाजवताना ते कोणाच्या ध्यानात नसतं.

खालिद यांचा जन्म 1977 सालचा, कुवेतमधला. मिशेल प्लाटिनी हा फ्रान्सचा महान मध्यरक्षक त्यांचा आदर्श, आणि लहानपणी कुवेतमधल्याच एका शिबिरात त्यांना तो प्रत्यक्ष भेटलाही होता. ऑगस्ट 1990 मध्ये इराकने कुवेतवर हल्ला केला आणि दीड लाखाहून अधिक भारतीयांना तिथला संसार सोडून परतावं लागलं. जमील कुटुंबही त्या युद्धापायी भारतात आलं. पुढची सगळी घडण मुंबईची.

आणि मुंबईच्या फुटबॉलची तऱ्हा वेगळी होती. कोलकात्यात क्लब म्हणजे धर्मासारखा, गोव्यात गावागावाचा. मुंबईत मात्र फुटबॉल कंपन्यांचा होता. टाटा, मफतलाल, ऑर्के, आर. सी. एफ., रेल्वे, एअर इंडिया, महिंद्रा. रोव्हर्स कप 1891 पासूनचा, हारवुड लीग 1902 पासूनची, आणि कूपरेजचं मैदान. खेळाडूंपैकी काहींना त्या आस्थापनेत नोकरी असे, काहींशी ठरावीक मुदतीचा करार. नोकरीवाल्याचं बरं असे. गुडघा गेला तरी टेबल-खुर्ची राही, महिन्याच्या महिन्याला पगार येई. करारवाल्याला जास्त पैसे मिळत, पण तेवढ्यापुरतेच. मुंबईतला मध्यमवर्गीय बाप मुलाला फुटबॉल खेळू देत असे तो या नोकरीच्या भरवशावर.

खालिद 1997 मध्ये महिंद्राकडे आले, पुढच्या वर्षी एअर इंडियाकडे गेले. 2002 मध्ये परत महिंद्राकडे, तेव्हा संघाचं नाव महिंद्रा युनायटेड झालेलं होतं. 1998 मध्ये ते भारताकडूनही खेळले. त्या काळात फुटबॉलमध्ये खरा पैसा आणि खरं नाव कोलकात्यात होतं. ईस्ट बंगाल आणि मोहन बागान या दोन्ही क्लबांच्या सदऱ्यावर तेव्हा एकाच उद्योगसमूहाच्या मद्यांची नावं असत. खालिद यांनी त्या कारणाने तिकडे जायचं नाकारलं, असं पुढे वर्तमानपत्रांतून अनेकदा छापून आलं. मुसलमान माणसाला मद्याचं नाव छातीवर नको वाटलं, यात मला नवल वाटत नाही. नवल वाटतं ते किमतीचं. खेळाडूच्या कमाईची वर्षं मोजून दहा-बारा, आणि त्यातली ऐन भरातली वर्षं त्यांनी मुंबईत काढली, जिथे सामन्याला माणसं बेताचीच येत.

महिंद्रा युनायटेडने 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकली. मुंबईच्या फुटबॉलला असा दिवस क्वचितच आलेला. खालिद यांना मात्र तोवर दुखापतींनी घेरलं होतं. मध्यरक्षकाचे गुडघे आणि घोटे आधी जातात, कारण सतत वळायचं, अचानक थांबायचं आणि दोन्ही बाजूंनी येणाऱ्या धडका घ्यायच्या. 2007 मध्ये ते नव्याने निघालेल्या मुंबई एफ. सी.कडे गेले, आणि 2009 मध्ये, बत्तिशीत, खेळणं थांबलं. आमच्याकडे या वयात कित्येकांचं अजून लग्न व्हायचं असतं.

इथे या कारकिर्दीतली मला सर्वांत बोचणारी गोष्ट येते. राष्ट्रीय विजेतेपद मिळवल्यानंतर चारच वर्षांनी, 2009-10 चा हंगाम संपल्यावर, महिंद्रा युनायटेड बंद झाला. एअर इंडियाचा संघ 2013 मध्ये आय-लीगमधून बाहेर गेला, कारण व्यावसायिक क्लबांसाठीच्या नव्या अटींत कंपनीचा संघ बसत नव्हता. मुंबई एफ. सी. 2017 मध्ये खालच्या पायरीवर घसरला आणि बंद पडला. म्हणजे खेळाडू म्हणून या माणसाने ज्या तीन संघांसाठी गुडघे झिजवले, त्यातला एकही देशाच्या वरच्या लीगमध्ये उरला नाही. संघ कमजोर होते म्हणून हे झालं नाही. संघाच्या मालकाला तो खर्च नकोसा झाला की मैदानावरचा निकाल काहीही असो, दुकान बंद होतं.

आपल्या पुणे जिल्ह्यातही याहून निराळं घडलं नाही. पुणे एफ. सी. 2007 मध्ये निघाला, 2015 मध्ये गेला. भारत एफ. सी. एकच हंगाम खेळला. डी. एस. के. शिवाजियन्स 2017 नंतर दिसला नाही. एफ. सी. पुणे सिटी 2014 मध्ये मोठ्या गाजावाजाने आला आणि 2019 मध्ये संपला, त्याच्या जागी लीगमध्ये हैदराबादचा संघ आला. बालेवाडीचं मैदान आहे तिथेच आहे.

आता तो घरगुती प्रश्न. माझा भाचा भोरमध्ये राहतो, दहावीत आहे, आणि त्याला फुटबॉलपटू व्हायचं आहे. आमच्या भागात हे वेड नवीन. इथे कबड्डी, कुस्ती आणि क्रिकेट. वेल्ह्याकडे तर सपाट मैदान शोधावं लागतं. तोरणा आणि राजगडाच्या मध्ये जी काही सपाटी सापडेल तिथे भाताची खाचरं. पावसाचे चार महिने खेळायचं म्हणजे चिखलात. तरी पोरं टीव्हीवर बघून खेळतात. माझे मेहुणे शिरवळच्या कारखान्यात कामाला आहेत. त्यांनी मला एक दिवस सरळ विचारलं, ‘‘भाईजान, तुम्ही वाचणारे माणूस. यात पोट भरतं का, तेवढं सांगा.’’

कवीला पोट भरण्याविषयी विचारावं, हे धाडसच. पण मी शोधायला लागलो, आणि खालिद जमील यांचा मध्यरक्षक संपल्यानंतरचा भाग मला तिथे सापडला.

खेळणं थांबलं त्याच वर्षी ते मुंबई एफ. सी.चे प्रशिक्षक झाले आणि 2016 पर्यंत राहिले. पैसा बेताचा, खेळाडू मोठे नाहीत. तरी इतक्या वर्षांत एकदाही त्यांनी संघाला खाली घसरू दिलं नाही. बचाव घट्ट ठेवायचा, चेंडू लांब मारायचा, एखादा गोल मिळाला की दार लावून घ्यायचं. मला तो खेळ बघायला फारसा आवडत नाही, हे सांगून टाकतो. पण दहा एकरांचं पाणी आणि वीस एकरांचं शिवार असेल तर दारं धरणाऱ्याने काय करावं?

2016 मध्ये मुंबई एफ. सी. सुटला आणि ते मिझोरमला ऐझॉल एफ. सी.कडे गेले. हा क्लब आदल्या हंगामात लीगमधून घसरलेला. गोव्याचे क्लब लीग सोडून गेल्यामुळे त्याला पुन्हा जागा मिळाली होती. ऐझॉल म्हणजे डोंगराच्या कडेला बसलेलं तीन लाखांच्या आतबाहेरचं शहर. खालिद यांनी सोबत मुंबईची काही मुलं नेली. त्यात जयेश राणे हा आपला मराठी मध्यरक्षकही होता. मधल्या फळीत सीरियाचा महमूद अल अमना आणि लायबेरियाचा आल्फ्रेड जार्यान. 22 एप्रिल 2017 रोजी ऐझॉलने आपल्या मैदानावर मोहन बागानला 1-0 ने हरवलं. 30 एप्रिलला शिलाँगमध्ये शेवटचा सामना, आणि हवा होता फक्त एक गुण. शिलाँग लाजाँगने आधी गोल केला. उत्तरार्धात ऐझॉलने बरोबरी साधली, 1-1. अठरा सामन्यांत 37 गुण, मोहन बागानचे 36. ईशान्य भारतातल्या क्लबाने देशाची लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ. त्याच हंगामात मुंबई एफ. सी. लीगमधून घसरला. पुढचं तुम्हाला वर सांगितलंच आहे.

त्यानंतर ज्या दोन क्लबांकडे खेळाडू म्हणून जायचं नाकारलं होतं, त्या दोघांनीही त्यांना प्रशिक्षक म्हणून बोलावलं. आधी ईस्ट बंगाल, मग मोहन बागान. दोन्हीकडे फार टिकले नाहीत. कोलकात्यात प्रशिक्षकाची खुर्ची तापलेल्या तव्यासारखी असते. 2021 च्या जानेवारीत नॉर्थईस्ट युनायटेडने हंगामाच्या मध्यात परदेशी प्रशिक्षकाला काढलं आणि यांना तात्पुरतं उभं केलं. तात्पुरत्या माणसाने संघाला थेट उपांत्य फेरीत नेलं. इंडियन सुपर लीगमध्ये त्याआधी हे कुठल्याही भारतीय प्रशिक्षकाला जमलं नव्हतं. मग कायमची नेमणूक, मग एक वाईट हंगाम, आणि पुन्हा बाहेर. 2023 च्या अखेरीस जमशेदपूर, आणि तिथून भारताचा संघ.

तिथली सुरुवात चांगली झाली. मध्य आशियातल्या स्पर्धेत पहिल्याच सामन्यात ताजिकिस्तानवर त्यांच्या घरी 2-1 असा विजय, आणि शेवटी ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा क्रमांक. मग ऑक्टोबरमध्ये मडगावला फातोर्ड्याच्या मैदानावर सिंगापूरकडून 1-2 अशी हार, आणि आशिया चषकाचं दार बंद. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशकडूनही 0-1.

मेहुण्यांना मी हे सगळं सांगितलं. सोबत परदेशातलं एक उदाहरणही दिलं. उत्तर मॅसिडोनिया नावाचा देश आहे. सबंध देशाची लोकसंख्या 2021 च्या गणतीत 18 लाख, म्हणजे आपल्या पुणे शहरापेक्षा कितीतरी कमी. तिथला एलिफ एल्मास हा मध्यरक्षक 1999 मध्ये स्कोप्येला जन्मला. तिथल्या राबोत्निचकी क्लबातून 2017 मध्ये तुर्कस्तानात, 2019 मध्ये इटलीत नेपोलीकडे, आणि 2023 मध्ये त्या संघाबरोबर इटलीचं विजेतेपद. एवढ्या छोट्या देशातल्या मुलालाही पायऱ्या ठाऊक असतात. लहान क्लब मुलगा घडवतो, मोठ्या क्लबाला विकतो, त्या पैशांवर पुढचा मुलगा घडवतो. आपल्याकडे मुलं आहेत, पायऱ्याच मधून निखळतात. 2025 च्या जुलैमध्ये तर इंडियन सुपर लीगचाच पुढचा हंगाम व्यापारी करार संपत आल्यामुळे लटकला, आणि काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. देशातल्या सर्वांत वरच्या खेळाडूंचे पगार!

‘‘म्हणजे नाही भरत,’’ मेहुणे म्हणाले.

मी म्हटलं, खेळण्याची वर्षं थोडी आणि बेभरवशाची, हे खरं. पण खालिद जमील यांना ऐझॉलला, जमशेदपूरला कामाला आलं ते कूपरेजच्या मधल्या फळीत उभं राहून शिकलेलंच. प्रशिक्षकाचे परवाने असतात, डी पासून चढत वरपर्यंत, त्याच्या परीक्षा असतात. पंच असतात, शाळांचे क्रीडाशिक्षक असतात. मुलाने बारावी आणि त्यापुढचं शिक्षण सोडायचं नाही, आणि खेळही सोडायचा नाही, असं ठरवा.

भाचा बाजूला बसून ऐकत होता. त्याने विचारलं, ‘‘मामू, त्यांनी गोल किती मारले?’’

मी त्याला दारं धरणाऱ्याची गोष्ट सांगायला सुरुवात केली. त्याला ती फारशी पटलेली दिसली नाही. त्याला आघाडीलाच खेळायचं आहे. सध्या तो शनिवार-रविवारी एस. टी.ने पुण्याला सरावाला जातो, आणि भाड्याचे पैसे मेहुणे देतात.