कामकरी स्त्रियांचें स्वास्थ्य व संशोधनाचा उपयोग

'संशोधन' हा शब्द कानीं पडतांच विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें परीक्षानळ्या, दुर्बीण किंवा जुने ताम्रपट उभे राहतात. परंतु मनुष्याचें काम, त्याची मजुरी व त्या कामाचा त्याच्या देहावर आणि मनावर होणारा परिणाम हाहि शास्त्रीय अभ्यासाचा विषय आहे. स्त्रियांच्या बाबतींत तर हा अभ्यास विशेष अगत्याचा होय. कारण त्यांचें पुष्कळसें काम कोणाच्या हिशेबींच येत नाहीं.

आपल्याच इलाख्यांतील एक जुनें उदाहरण घेऊं. मजुरांच्या स्थितीची माहिती गोळा करण्यासाठीं मुंबई सरकारनें १९२१ सालीं लेबर ऑफिस स्थापिलें. पुढें डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनीं गिरणींतील कामकरणींची पाहणी केली. तिचा वृत्तांत १९२२ सालीं प्रसिद्ध झाला. एका चाळींत १५ फूट लांब व १२ फूट रुंद अशा खोलींत त्यांना सहा कुटुंबें व सहा चुली आढळल्या. बहुतेक कामकरणी आपल्या तान्ह्या मुलांना अफू देत, असेंहि त्यांना दिसून आलें.

वरवर पाहणारा म्हणेल, "या आया किती निष्ठुर!" पण चौकशी करणारा विचारतो, "असें कां?" आई दिवसभर गिरणींत, मुलाला सांभाळण्यास कोणी नाहीं, तें निजून राहिलें तरच तिला कामावर जातां येणार. म्हणजे दोष आईच्या मायेंत नसून कामाच्या व्यवस्थेंत होता. खऱ्या संशोधनाचा पहिला उपयोग हाच, कीं तें दोषाचें खरें स्थान दाखवितें.

असें ज्ञान हातीं आलें म्हणजे उपायाची वाट सुचते. १९२८ सालीं मुंबई विधिमंडळांत प्रसूतिकालीन साहाय्याच्या बिलावर चर्चा झाली, तेव्हां डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं त्याचा जोरदार पुरस्कार केला. मातेस विश्रांति मिळण्यांत राष्ट्राचेंच हित आहे, असें त्यांचें प्रतिपादन होतें. १९२९ सालीं कायदा झाला व कामकरणीस बाळंतपणाच्या सुटीच्या काळांत दररोज आठ आणे मिळूं लागले. १९६१ सालीं अखिल भारतासाठीं असा कायदा झाला आणि २०१७ सालीं पगारी रजेची मुदत १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेण्यांत आली.

तथापि येथें एक सूक्ष्म प्रश्न उद्भवतो. त्या पहिल्या कायद्यानंतर मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रियांचें प्रमाण घटत गेलें. रात्रपाळी स्त्रियांना वर्ज्य होती, कामाच्या पद्धति बदलल्या, ही कारणें होतींच. शिवाय साहाय्याचा भार एकट्या मालकावर पडे, म्हणून स्त्रियांना कामावर घेण्यास तो नाखूष असे. यास्तव सवलत किती, एवढेंच पाहून भागत नाहीं. तिचा खर्च कोण सोसतो, हेंहि पाहावें लागतें. १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्यानें हा भार वर्गणीच्या रूपानें पुष्कळांत वांटला, यांतील शहाणपण आतां ध्यानीं येईल.

आतां आपल्या जिल्ह्याकडे वळूं. सिन्नर हें गांव विड्यांसाठीं प्रसिद्ध आहे. मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी बाई हजारी हिशेबानें मजुरी घेते, पण "काय करतां?" असें विचारल्यास ती "घरींच असतें" असें सांगते. तंबाखूची धूळ आणि कंबरेचें दुखणें मात्र तिचेंच! १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यानें घरीं काम करणाऱ्यांनाहि कामगार मानलें, ही मोठीच गोष्ट होय.

बिनमोलाच्या कामाचें काय? २०१९ सालीं सरकारनें देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यांत रोज सरासरी २९९ मिनिटें घालवितात, तर तेंच काम करणारे पुरुष ९७ मिनिटें, असें आढळलें. नोकरी करणाऱ्या स्त्रीच्या थकव्याचें एक मूळ येथें आहे.

विद्यार्थिमित्रहो, हें शास्त्र तुम्हांसहि घरीं करून पाहतां येईल. येत्या सुटींत एक आठवडा वही घ्या आणि घरांत प्रथम कोण उठतें, शेवटीं कोण निजतें, पाणी, स्वयंपाक व आजाऱ्याची शुश्रूषा कोणाकडे असते, तें तासवार लिहा. पालकांनींहि ती वही वाचावी. घरकामामुळें मुलीच्या अभ्यासाचे किती तास जातात, तें त्या रकान्यांत दिसेल. आणि जें दिसलें, त्याची वांटणी पुन्हा करणें आपल्याच हातीं आहे.