परवाना एका राज्याचा, सजा दुसऱ्या राज्याची

अमेरिकेत मोटार चालविण्याचा परवाना सर्व राज्यांत चालतो. पिस्तूल बाळगण्याचा मात्र सीमेपलीकडे चालेलच असे नाही. यात सामान्य माणूस कसा भरडला जातो, ते पाहा.

फिलाडेल्फियाची एक कृष्णवर्णीय माता, एकटीने दोन मुले सांभाळणारी. ऑक्टोबर २०१३ मध्ये शेजारच्या न्यू जर्सी राज्यात पोलिसांनी तिची गाडी अडविली. आपल्याजवळ पिस्तूल आहे व पेनसिल्व्हेनियाचा परवानाही आहे, असे तिने स्वतःच सांगितले. न्यू जर्सी तो परवाना मानत नाही. ती गजाआड झाली. अनेक वर्षांच्या सक्तीच्या कैदेचे संकट ओढवले. अखेर एप्रिल २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी तिला माफी दिली.

१९८६ चा केंद्रीय कायदा प्रवाशाला संरक्षण देतो. पण शस्त्र निघण्याच्या व पोहोचण्याच्या दोन्ही ठिकाणी कायदेशीर हवे, गोळ्या काढलेले आणि हाताशी येणार नाही असे ठेवलेले हवे. डिकी नसेल तर कुलूपबंद पेटीत.

न्यू जर्सीत मराठी कुटुंबेही पुष्कळ आहेत. त्यांना आमचे सांगणे एवढेच : प्रामाणिकपणा कायद्याच्या अज्ञानावर पांघरूण घालीत नाही. सीमा ओलांडण्याआधी पलीकडचा कायदा वाचा.