काचेचं स्टेशन आणि खानदेशचं ऊन

मनमाड–इंदूर रेल्वेमार्गाला २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, तेव्हापासून आमच्या धुळे जिल्ह्यातल्या सोनगीर फाट्यावर एक वाक्य सारखं कानावर पडतं: "आता आपल्याकडेही विमानतळासारखं काचेचं स्टेशन व्हायला हवं." ३०९ किलोमीटरचा मार्ग, १८,०३६ कोटींचा खर्च, ३० नवी स्थानकं. लोकांना आनंद होणारच. सोनगीरच्या माणसाला आजही गाडीसाठी धुळं नाहीतर नरडाणा गाठावं लागतं. पण 'काच म्हणजे आधुनिक, आणि आधुनिक म्हणजे पर्यावरणपूरक' हे पुन्हा पुन्हा ऐकून आता राग येतो.

साधी पारदर्शक काच उन्हातली सुमारे ऐंशी टक्के उष्णता आत सोडते. आतली फरशी आणि बाकडी तापतात. ती जी उष्णता बाहेर टाकतात, ती मात्र काच अडवून धरते. बंद मोटार उन्हात उभी केली की काय होतं, हे प्रत्येकाने अनुभवलंय. धुळे–जळगावात मे महिन्यात पारा चव्वेचाळीस–पंचेचाळीसवर जातो. तिथे अशी इमारत उभी करायची, मग ती थंड करायला दिवसभर यंत्रं चालवायची, आणि वर तिला हरित म्हणायचं? लेप दिलेल्या दुपदरी काचेने उष्णता बरीच कमी आत येते हे खरं, पण सावलीतल्या जाड भिंतीची बरोबरी तिला करता येत नाही. केंद्राची ऊर्जा संवर्धन इमारत संहितासुद्धा तिच्या सरळ नियमांनी बांधायचं तर खिडक्या-काचा भिंतीच्या चाळीस टक्क्यांवर जाऊ देत नाही.

आणि उत्तर शोधायला लांब कशाला जायचं? आपली धाब्याची घरं आठवा. मातीच्या जाड भिंती, वर मातीचंच धाबं. दुपारचं ऊन त्यातून आत झिरपेपर्यंत रात्र होते, आणि तोवर माणसं गच्चीवर झोपायला गेलेली असतात. मातीचंच स्टेशन बांधा, असं मी म्हणत नाही. जाड भिंत, खोल पडवी, चुन्याने पांढरं केलेलं छत, वारा आरपार जाईल अशा जाळ्या आणि दारात कडुनिंब एवढं मागतोय. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस १८७८ ते १८८८ या काळात बांधलेलं, दगडी. भारतीय हरित इमारत परिषदेचं सुवर्ण मानांकन त्या जुन्या इमारतीला मिळालं आहे.

'छतावर सौर पॅनल लावले की झालं', हा दुसरा समज. पॅनल जरूर लावा, पण आधी विजेची गरज कमी करा. आणि त्याच छतावरचं पाणी का सोडायचं? हजार चौरस मीटर छतावर वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस धरला आणि वीस टक्के वाया गेला, तरी चार लाख लिटर पाणी हाती लागतं.

'असलं काही मुंबईलाच परवडतं.' नवी मुंबईतली वाशी, बेलापूरची व्यापारी संकुलं असलेली स्थानकं पाहून लोक असं म्हणतात. तिथे रेल्वेमार्गाचा ६७ टक्के खर्च सिडकोने उचलला, हे खरं. पण सावली, पाणी आणि बसायला बाकडी यांना व्यापारी संकुल लागत नाही.

'लोकांना बसू दिलं की रिकामटेकडे जमतात.' उलट आहे. जिथे सतत वर्दळ असते, तिथे रात्री गाडीची वाट पाहणाऱ्या बाईला कमी भीती वाटते. आणि स्टेशनबाहेरच्या आवारात बसायला तिकीट लागत नाही; तिथे आठवडी बाजार, वाचनालय, दवाखान्याचा फिरता कक्ष असं काहीही येऊ शकतं.

अमृत भारत योजनेत धुळे आणि सावदा या स्थानकांचं नूतनीकरण झालं. २२ मे २०२५ रोजी त्यांचं लोकार्पण झालं. पुढच्या वैशाखात भर दुपारी तिथे जा आणि माणसं नेमकी कुठे बसलीत ते बघा. नव्या स्थानकांचा नकाशा काढणाऱ्यांना ती जागा दाखवा.

आणखी एक मागणी. २०२२ पासून रेल्वेची 'एक स्थानक, एक उत्पादन' योजना सुरू आहे. सोनगीरची तांब्या-पितळेची भांडी पिढ्यान् पिढ्या प्रसिद्ध आहेत. नव्या मार्गावर आपल्या परिसरात स्थानक होईल तेव्हा त्याच्या पडवीत तांबटांसाठी पक्का ओटा हवा, आणि तो आजच, नकाशावरच काढून घ्यायला हवा. इमारत झाल्यावर ओट्याला जागा सापडत नाही.