मधुमेही रुग्णांचे दंतोपचार आणि भूल : चिचगड परिसराच्या संदर्भात एक विवेचन

बीजशब्द : मधुमेह, दंतोपचार, स्थानिक बधिरीकरण, पूर्ण भूल, अल्पशर्करा, सिकलसेल

प्रस्तावना

'साखरेचा आजार असेल तर दात काढू नये' हा समज ग्रामीण महाराष्ट्रात आजही दृढ आहे. तो निव्वळ अज्ञानातून आलेला नाही. जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातील टोरंटो येथे मधुमेही रुग्णाला प्रथम इन्शुलिन टोचले गेले. त्यापूर्वीच्या काळात मधुमेह्याची साधी जखमही चिघळून प्राणावर बेतत असे. पुढे इन्शुलिन आले, प्रतिजैविके आली, पोटात घ्यावयाच्या गोळ्या आल्या. समज मात्र होता तेथेच राहिला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी व्यक्तींना मधुमेह आहे. दंतवैद्याच्या खुर्चीत बसणारा मधुमेही रुग्ण हा आता अपवाद उरलेला नाही.

गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यातील चिचगड हे छत्तीसगडच्या सीमेकडील वनव्याप्त व धानाच्या शेतीवर जगणाऱ्या परिसरातील गाव होय. येथे ग्रामीण रुग्णालय आहे. परंतु गुंतागुंतीच्या दंतशस्त्रक्रियेसाठी रुग्णास गोंदिया किंवा नागपूरची वाट धरावी लागते. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तर शासकीय दंत महाविद्यालय नागपुरात आहे. हा प्रवास उपचाराच्या बाहेरचा वाटतो. मधुमेही रुग्णाच्या बाबतीत मात्र तो उपचाराचाच एक भाग ठरतो, आणि बहुधा त्यातील सर्वांत दुर्लक्षित भाग ठरतो.

'भूल' या शब्दाची गफलत

बोलीत 'भूल देणे' हा एकच शब्दप्रयोग दोन अगदी भिन्न क्रियांसाठी वापरला जातो. दाढेजवळ सुई टोचून तेवढाच भाग बधिर करणे ही एक क्रिया. येथे रुग्ण पूर्ण जागा असतो. औषधाने संपूर्ण बेशुद्ध करून श्वासनलिकेत नळी घालणे ही दुसरी. पहिल्या क्रियेसाठी उपाशी राहण्याची गरज नाही. दुसरीसाठी उपाशी राहणे अनिवार्य आहे. शब्द एकच असल्याने दुसरीचा नियम पहिलीला लावला जातो, आणि मधुमेही रुग्णाच्या बाबतीत खरा धोका येथूनच सुरू होतो.

असा रुग्ण पहाटे उठतो, 'आज दाताची भूल आहे' म्हणून काही खात नाही, पण सवयीने साखरेची गोळी मात्र घेतो. बस पकडून तो गावाबाहेर पडतो, रुग्णालयात रांगेत बसतो आणि दुपारच्या सुमारास त्याचा क्रमांक लागतो. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड या गटातील गोळ्या स्वादुपिंडाला इन्शुलिन स्रवण्यास भाग पाडतात. पोटात अन्न असो वा नसो, त्यांचे कार्य सुरूच राहते. इन्शुलिन टोचून घेणाऱ्याची स्थितीही तीच. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यास हा धोका अल्प असतो. रक्तशर्करा ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की दरदरून घाम, थरथर, छातीत धडधड आणि पुढे गोंधळलेपण दिसू लागते. ही लक्षणे सुईच्या भीतीची म्हणून सहज दुर्लक्षिली जातात, आणि घरी परतल्यावर दोष सुईला दिला जातो. अशा प्रसंगी शुद्धीवर असलेल्या रुग्णास सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी व १५ मिनिटांनी रक्तशर्करा पुन्हा तपासावी. शुद्ध हरपली असल्यास तोंडावाटे काहीही देऊ नये.

म्हणून स्थानिक बधिरीकरणाने दात काढावयाचा असेल तर नेहमीचा नाश्ता व नेहमीचे औषध दोन्ही घेऊनच निघावे, वेळ शक्यतो सकाळची मागून घ्यावी आणि खिशात साखर असू द्यावी. सुईनंतर ओठ व जीभ दोन ते चार तास बधिर राहतात, त्या काळात चावून खाता येत नाही; तेव्हा आधीचे जेवण हेच त्या दिवसाचा आधार असते. बधिरता उतरल्यावर कोमट झालेली भाताची पेज किंवा आंबील चालते. दात काढल्यावर दोन-तीन दिवस आहार घटणार असेल, तर औषधाची मात्रा डॉक्टरांना विचारूनच बदलावी.

सुईतील औषधाविषयी

दातासाठी सर्वाधिक वापरले जाणारे लिग्नोकेन हे औषध स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी १९४३ मध्ये तयार केले. त्यात बहुधा अॅड्रेनालिन मिसळलेले असते, कारण त्याने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तस्राव घटतो व बधिरता टिकते. अॅड्रेनालिन रक्तशर्करा वाढवते हे खरे. शंका तेथूनच उद्भवते. पण प्रमाण पाहावे. १ : ८०,००० या प्रमाणाच्या २ मिलिलिटर द्रावणात अॅड्रेनालिन केवळ २५ मायक्रोग्रॅम असते. तीव्र वेदना व भीती यांमुळे शरीर स्वतःच याहून अधिक अॅड्रेनालिन रक्तात सोडू शकते. अपुऱ्या बधिरतेत वेदना सोसत दात काढून घेणे हे साखरेच्या दृष्टीनेही तोट्याचे होय. हृदयविकार किंवा अनियंत्रित रक्तदाब असलेल्यांसाठी मात्र मात्रा मर्यादित ठेवावी लागते, आणि मधुमेह्यांत असे रुग्ण पुष्कळ असतात.

आकडा आणि सिकलसेल

साखर किती असता दात काढावा, याविषयी सर्वमान्य असा एकच आकडा नाही. तातडी नसलेले उपचार, उपाशीपोटीची शर्करा २०० च्या वर असल्यास पुढे ढकलण्याकडे अनेक दंतवैद्यांचा कल असतो. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ग्लायकोसिलेटेड हिमोग्लोबिनची तपासणी यात साहाय्यभूत ठरते. पण चिचगडसारख्या भागात येथे एक स्थानिक अडचण उभी राहते. पूर्व विदर्भात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. सिकलसेलग्रस्त रुग्णाच्या तांबड्या पेशी अकाली नष्ट होतात. त्यांवर साखर साचण्यास पुरेसा काळ मिळत नाही आणि तपासणीचा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी येतो. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांवरील २०१७ च्या एका अभ्यासात, केवळ वाहक असलेल्यांतही समान शर्करेस हा आकडा काहीसा कमी आढळला. 'साखर उत्तम आहे' असा अहवाल अशा वेळी फसवा असू शकतो. या परिसरातील मधुमेह्याने आपली सिकलसेल स्थिती दंतवैद्यास आवर्जून सांगावी, आणि निर्णय ग्लुकोमीटरवरील प्रत्यक्ष रक्तशर्करेच्या आधारे व्हावा.

थांबणे कधी घातक

साखर वाढलेली आहे म्हणून उपचार लांबवणे प्रत्येक वेळी शहाणपणाचे नसते. दाढेखाली पू झाला असेल तर तो जंतुसंसर्गच साखर वाढवीत असतो. पू निघाल्याखेरीज साखर आटोक्यात येणे कठीण. रोवणी आटोपेपर्यंत लवंग दाबून दिवस काढणारा रुग्ण हे दृश्य येथे नवे नाही, पण हनुवटीखाली सूज, गिळताना त्रास, तोंड न उघडणे वा ताप ही लक्षणे दिसताच त्याच दिवशी रुग्णालय गाठले पाहिजे. ही सूज गळ्यात उतरल्यास श्वासमार्ग बंद पडू शकतो.

२०२१ मधील कोविडच्या दुसऱ्या लाटेत याचे भीषण रूप विदर्भाने पाहिले. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा वापर या जोडीतून म्युकरमायकोसिस हा बुरशीजन्य आजार फैलावला आणि नागपुरात त्याचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. अनेकांत पहिली तक्रार दंतवैद्याकडचीच होती : वरच्या जबड्याचे दात अचानक हलू लागणे, गाल बधिर होणे, टाळूवर काळा डाग दिसणे. कित्येकांचा जबडा काढावा लागला.

हिरड्यांचा जुनाट आजार याउलट निमूटपणे वाढतो. हॅराल्ड लो यांनी १९९३ मध्ये त्यास मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटले. हा संबंध दुहेरी आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षेनुसार हिरड्यांच्या उपचारानंतर तीन ते चार महिन्यांत ग्लायकोसिलेटेड हिमोग्लोबिन सरासरी ०.४३ टक्के-अंशाने घटते. दात साफ करून घेणे हा मधुमेहाच्या उपचाराचाच भाग मानावा, इतका हा लाभ ठोस आहे.

पूर्ण भूल द्यावी लागल्यास

बहुसंख्य रुग्णांवर ही वेळ येत नाही. आलीच तर घन आहार ६ तास व पाणी २ तास आधी थांबवावे लागते. त्या सकाळची साखरेची गोळी सामान्यतः टाळली जाते व इन्शुलिनची मात्रा भूलतज्ज्ञ ठरवतो. डापाग्लिफ्लोझिन व एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे किमान ३ दिवस आधी बंद करावी लागतात, कारण उपवासात साखर फारशी न वाढताही रक्त आम्लधर्मी होण्याचा धोका त्यांत असतो. हे पूर्वसूचनेवाचून अशक्य. म्हणून पहिल्याच भेटीत औषधांची पाकिटे सोबत न्यावीत. दीर्घकालीन मधुमेहात सांधे ताठरतात. नमस्कार करताना तळवे पूर्ण जुळत नसतील, तर मानही ताठ असून नळी घालणे अवघड जाईल असा संकेत मिळतो. विदर्भात त्यात खर्ऱ्याची भर पडते. सुपारीमुळे गालांची आतील त्वचा आवळून तोंड दोन बोटेही उघडेनासे झाल्यास नळीच नव्हे, साधी सुईही नीट पोहोचत नाही. सिकलसेल असल्यास प्राणवायूची कमतरता, थंडी व शरीरातील पाणी घटणे या तिन्हींपासून रुग्णास जपावे लागते.

औषध दुकानातील उपचार

दातदुखीवर चिठ्ठीवाचून मिळणाऱ्या गोळ्यांत ऑफ्लॉक्सॅसिनचे मिश्रण अनेकदा असते. या गटातील प्रतिजैविके साखरेच्या गोळ्यांबरोबर घेतल्यास रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. वेदनाशामक गोळ्या मधुमेहाने आधीच दुबळ्या झालेल्या मूत्रपिंडास अपाय करतात. मेट्रोनिडॅझोल सुरू असताना मोहाची दारू घेतल्यास उलट्या व धडधड होऊ शकते. सूज झटपट उतरावी म्हणून टोचले जाणारे डेक्सामेथासोन तर सर्वांत फसवे : दुसऱ्या दिवशी गाल उतरलेला दिसतो, रक्तशर्करा मात्र त्याच रात्री भरमसाट वाढलेली असते आणि आतला पू जागच्या जागी असतो.