पेन्शन पॉलिसी मधेच मोडली तर?

अमडापुरात शेतकऱ्याचं निवृत्तीचं वय गुडघे ठरवतात. पॉलिसीत ते छापलेलं असतं, ‘व्हेस्टिंग’ या शब्दासमोर. सही करण्याआधी तो आकडा बघाच. सोयाबीन बुडालं म्हणून पारंपरिक पॉलिसी 20-20 हजारांचे दोन वार्षिक हप्ते भरून मोडली, तर हमीची सरेंडर किंमत 30 टक्के, म्हणजे 40 हजारांचे 12 हजार. 1 ऑक्टोबर 2024 पासून नियम जरा सैलावले: नव्या पॉलिसीत पूर्ण वर्षाचा हप्ता भरला असेल, तर वर्ष संपल्यावर विशेष सरेंडर किंमत मिळते, हमीची आणि विशेष यांत जास्त असेल ती. बाजाराशी जोडलेल्या युलिप पॉलिसीला मात्र पाच वर्षं कुलूप. अटल पेन्शन सरकारी, तीही 60 नंतरच. आधी बाहेर पडलात तर आपली वर्गणी आणि तिच्यावरचं व्याज, तेही खर्च कापून.