हे आमचे टाळ न्हवंत!

दिवाळीच्या साफसफाईत मामंजींचं कपाट उघडलं आणि काम तिथंच थांबलं. मामंजींना जाऊन चार वर्षं झाली, पण त्या कपाटाला हात लावायची कुणाची छाती नव्हती. आत १२० सीडी! नाट्यसंगीत, बाबूजींचं गीतरामायण, किशोरीताई, केसरबाई. (केसरबाईंचा आवाज १९७७ मध्ये व्हॉयेजर यानावरच्या तबकडीतून अंतराळात गेला आणि त्या आपल्या कोल्हापूर दरबारच्या अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या, हे मामंजी शिवाजी पेठेत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचे.)

"एमपीथ्री करू नि देऊ भंगारात," मुलगा म्हणाला. नव्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नाही. मलाही पटलं. एक कप्पा रिकामा होणार म्हटल्यावर कुठल्या बाईला पटणार नाही?

अडवलं सासूबाईंनी. ढिगात एक सीडी होती, मार्करनं 'भजनी मंडळ' लिहिलेली. आईंच्या मंडळाची भजनं मामंजींनी घरच्या टेपवर घेतलेली. २००६ साली दुकानातून तिची सीडी करून आणली, कॅसेट पुढं हरवली. मुलानं तिची एमपीथ्री मागंच केली होती, ती मोबाइलवर लावली. आई डोळे मिटून ऐकत होत्या. टाळांचा गजर सुरू झाला नि एकदम म्हणाल्या, "हे आमचे टाळ न्हवंत. सुपात तांदूळ पाखडल्यागत वाजालंय!"

८२ वर्षांचा कान, पण बरोबर होता. सीडीत दर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाज मोजलेला असतो, मिनिटाला साधारण १० एमबी. मुलानं केलेल्या १२८ च्या एमपीथ्रीत त्याचा अकरावा हिस्सा उरतो. कानाला कळणार नाही असं वाटतं ते काढून टाकलेलं असतं. शब्द नीट ऐकू येतात, टाळ-झांजांची किणकिण मात्र मार खाते. आणि एकदा काढलेलं परत येत नाही!

मग कळलं की 'फ्लॅक' नावाचा प्रकार आहे. गाद्या हवा काढायच्या पिशवीत घालतो ना, तसा. आकार निम्म्यावर येतो, पण कापूस तेवढाच. उघडली की जशीच्या तशी. बाहेरून जोडायचा सीडी ड्राइव्ह आणला, 'एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी' हे फुकट सॉफ्टवेअर घेतलं. ते प्रत्येक तुकडा दोनदा वाचतं, जुळला नाही तर पुन्हा पुन्हा. पोळ्या लाटता लाटता माझ्या रोज तीन-चार सीडी व्हायच्या. मैत्रिणींनो, सीडी गोल गोल पुसू नका हं. मऊ कापडानं मधून कडेकडे सरळ पुसा. आणि नाव छापलेल्या बाजूलाही जपा, चंदेरी थर त्याच बाजूला असतो. सगळं मिळून ४० जीबीच्या आसपास झालं. एक प्रत घरात, एक नणंदेकडं.

'भजनी मंडळ' शेवटी घेतली. भीतीच वाटत होती. दुकानात भरून घेतलेल्या सीडीत रंगाचा थर असतो, तो उन्हानं, दमटपणानं उडतो. मशीन तीन तास घरघरत होतं. पहिलं भजन सुरू व्हायच्या आधी अचानक मामंजींचा आवाज आला, "हं, करा सुरू." एमपीथ्री करताना मुलानं तो तुकडा रिकामा समजून कापला होता! आईंनी पदर तोंडाला लावला. पुन्हा लाव म्हणाल्या, पुन्हा लावला.

आठांपैकी सात भजनं सुटली. आठवं, कडेचं, वाचलंच नाही. त्याची ती जुनी एमपीथ्री तेवढी उरली. "आजी, हिला नाव काय देऊ?" मुलानं विचारलं.

"भैरवी लिव्ह," आई म्हणाल्या. "आणि फुडं लिव्ह, टाळ आमचे न्हवंत."