घर सोडले आणि शाळा सापडली

दिवाळीचा फराळ संपत आला की घरोघर प्रवासाचे बेत शिजू लागतात. देशाटनाचे गुण गाणारी ती आर्या आपण सगळ्यांनीच शाळेत घोकलेली असते. तरीही मनात एक शंका येते. नुसत्या फिरण्याने शहाणपण येत असते, तर रेल्वेच्या गार्डाइतका शहाणा माणूस जगात दुसरा कुणी ठरला नसता! मग प्रवास माणसाला वाढवतो, तो नेमका कशामुळे?

पुस्तकी उत्तर देण्यापेक्षा एका माणसाची हकीकत सांगतो. तो माणूस म्हणजे बौद्ध वाङ्मयाचे पंडित धर्मानंद कोसंबी. त्यांनी आपली ही सारी वाटचाल ‘निवेदन’ या आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहून ठेवली आहे.

नारळाच्या बागेतला प्रश्न

धर्मानंदांचा जन्म 1876 सालचा, पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यातल्या साखवाळ गावचा. शिक्षण जेमतेम मराठी शाळेचे. लग्न लहानपणीच झालेले, आणि काम घरच्या नारळाच्या बागायतीची देखभाल करण्याचे. अशा तरुणाच्या हाती ‘बालबोध’ मासिकाचा एक अंक पडला. त्यात बुद्धाचे चरित्र होते. मुलांसाठी लिहिलेला तो मजकूर या तरुणाच्या मनात घर करून बसला. बुद्धाने नेमके काय सांगितले? ते मुळातून कुठे शिकायला मिळेल?

घर सोडण्याचे प्रयत्न त्यांनी त्याआधीही केले होते आणि प्रत्येक वेळी ते परत आले होते. 1899 च्या अखेरीस मात्र ते निघाले ते निघालेच. आता त्यांच्यापाशी नुसता कंटाळा नव्हता, एक प्रश्न होता. कंटाळलेला माणूस चार दिवसांत घरी परततो. प्रश्न घेऊन निघालेल्याला तो प्रश्नच पुढे ढकलत नेतो.

पुन्हा श्रीगणेशा

पुण्यात त्यांनी डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची गाठ घेतली. संस्कृत आल्यावाचून पुढची वाट खुली होणार नाही, हे कळताच ते ग्वाल्हेरमार्गे काशीला गेले. अन्नछत्रात जेवायचे आणि शास्त्र्यांपुढे बसून व्याकरण घोकायचे, असा दिनक्रम सुरू झाला. वय चोविशीचे, घरी बायको आणि मूल. आणि इथे पुन्हा पहिल्या धड्यापासून आरंभ!

1902 साली ते नेपाळात गेले. बुद्धाची जन्मभूमी त्या बाजूची, तेव्हा त्याचा धर्म तिथे जिवंत असेल, ही आशा होती. पदरी निराशा आली. पण ती निराशाही उपयोगी पडली. तिथून ते बुद्धगयेला आले आणि तिथे त्यांना सिलोनला जाण्याचा सल्ला मिळाला. त्यांनी कोलंबो गाठले. तिथल्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी ते श्रामणेर झाले आणि पालीचा अभ्यास करू लागले. तिथून पुढे ते ब्रह्मदेशात गेले आणि भिक्षू झाले.

नवा देश, नवी भाषा, नवी लिपी. एकच पाली ग्रंथ सिलोनात सिंहली लिपीत, तर ब्रह्मदेशात बर्मी लिपीत. दुपारनंतर भिक्षूने जेवायचे नाही, मिळेल ते खायचे. प्रत्येक मुक्कामी धर्मानंद पाहुणे म्हणून उतरले नाहीत, विद्यार्थी म्हणून बसले. ‘मला येत नाही, शिकवा,’ असे परक्या गावात सांगताना अभिमान गळून पडतो. प्रवासातली खरी वाढ तिथूनच सुरू होते, असे मला वाटते.

परतीची वाट

1906 साली त्यांनी चीवर उतरवले आणि ते कलकत्त्यात पाली शिकवू लागले. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा 50 रुपये देऊ केले. अट अशी की, महाराष्ट्रात राहून ग्रंथलेखन करायचे. कलकत्त्याचा पगार याहून पुष्कळ मोठा होता. तरीही धर्मानंदांनी 50 रुपये पत्करले. मिळवलेले ज्ञान आपल्या लोकांपर्यंत पोचवायची संधी त्यांना अधिक मोलाची वाटली.

1910 साली अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना बोलावले. बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संशोधित आवृत्तीचे काम तिथे चालले होते. शाळेचे जेमतेम तोंड पाहिलेला साखवाळचा तरुण तिथे जाणकार म्हणून जाऊन बसला. पण त्यांनी 1940 साली त्याच ग्रंथाची देवनागरी आवृत्तीही काढली, ही गोष्ट मला अधिक मोठी वाटते. दूर देशच्या लिप्यांतून शिकलेले त्यांनी आपल्या लिपीत आणून ठेवले.

या हकीकतीला दुसरी बाजूही आहे. 1899 साली ते निघाले, तेव्हा मागे पत्नी आणि तान्ही मुलगी होती. त्यांच्या विद्येची किंमत त्या माउलीने साताठ वर्षांच्या एकटेपणाने मोजली. मोठ्या प्रवासांच्या गोष्टी सांगताना उंबरठ्याच्या आत राहिलेल्या माणसाचा हिशेब आपण बहुधा मांडत नाही. तो मांडला, तर प्रवास किती लांबचा, यापेक्षा त्यातून घरी काय आणले, याला महत्त्व येते.

सिलोन-ब्रह्मदेश सर्वांना घडणार नाही, आणि घर सोडून जाण्याची गरजही नाही. पण वाचकहो, यंदाच्या सुटीत बॅग भरताना एखादा प्रश्न बरोबर घ्या. कोकणातला नारळ इतका उंच का वाढतो, वेरूळचे लेणे वरून खाली कसे कोरले, परक्या गावचे लोक पाणी कसे पुरवून वापरतात, असा साधा प्रश्नही चालेल. आणि तो ज्याला ठाऊक असेल, मग तो माळी असो की नावाडी, त्याच्यापाशी घटकाभर शिष्य होऊन बसा. फोटो काय, नंतरही काढता येतील.